सही कोणाची, गाडी कोणाची?

(वर्षावासातील व्याख्यानमालेत नंदुरबार येथे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून माझ्याआधी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी विद्वान नाही आणि वकीलही नाही. दिवाणी न्यायालयात कारकून म्हणून लागलो व एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर तेथूनच सेवानिवृत्त झालो. दाव्यांच्या फायली लावणे, समन्स काढणे, तारखा लिहिणे हे माझे काम. कार्यवाहांनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "वाहनकर्जाचे दावे आणि त्यातील फसवणूक." त्यांना थोडे नवल वाटले. वर्षावासात गाडीच्या कर्जाचे काय काम, असे आपल्यापैकी काहींनाही वाटत असेल. माझे म्हणणे ऐकून घ्या आणि मग ठरवा. मी नोकरीला लागलो तेव्हा आपल्या वस्तीत समन्स यायचे ते बहुधा जमिनीच्या वाटणीचे किंवा बांधाच्या भांडणाचे. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत ते येऊ लागले मोटारसायकलचे, रिक्षाचे, पिकअपचे आणि ट्रॅक्टरचे. ज्याच्या दारात गाडी उभी नाही, त्याच्या दारात गाडीच्या कर्जाचे समन्स आलेले मी पाहिले आहे.

त्यातील एक हकीकत सांगतो. ती माझ्या नात्यातील आहे. नाव-गाव मुद्दाम सांगत नाही, कारण ज्यांच्यावर ती गुजरली ते लोक अजून आपल्यातच वावरत आहेत.

आमच्या नात्यातला एक मुलगा बारावी झालेला होता. वाहन चालविण्याचा परवाना होता, काम नव्हते. मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या बाजार समितीत माल येतो, तेथे तो दुसऱ्यांच्या गाड्यांवर बदली चालक म्हणून जात असे. तेथे त्याची एका माणसाशी ओळख झाली. त्या माणसाला नवी पिकअप घ्यावयाची होती. पण त्याचे स्वतःचे जुने कर्ज थकलेले असल्यामुळे त्याच्या नावावर कोणी कर्ज देईना. तो मुलाला म्हणाला, "गाडी माझी, हप्ते माझे. फक्त कागद तुझ्या नावावर. तुला घरबसल्या महिन्याला पाच हजार रुपये मिळतील." मुलाला ही मदतही वाटली आणि कमाईही वाटली.

पुढे एजंट आला. बेकार मुलाच्या नावावर कर्ज कसे मंजूर होणार? म्हणून त्याला कागदावर भाजीपाल्याचा व्यापारी केले. उत्पन्नाचे आकडे भरले गेले. जामीनदार हवा होता, तेव्हा मुलाचा काका पुढे आला. तो माझा चुलतभाऊ, एका माध्यमिक शाळेत शिपाई. पुतण्याला नाही कसे म्हणावे, हा त्याचा प्रश्न. राहिला साक्षीदार. तो मी झालो.

मला तो दिवस नीट आठवतो. जेवणाच्या सुट्टीत मी कचेरीतून बाहेर आलो होतो. एजंटने कागदांचा गठ्ठा पुढे केला. जेथे पेन्सिलीची फुली होती तेथे सही करावयाची. काही पानांवर रकमेची जागा कोरी होती. मुलाने सह्या केल्या, चुलतभावाने केल्या, मीही केल्या. मी न्यायालयाचा कारकून, दुसऱ्याच्या अर्जावर एक सही राहिली तर अर्ज परत करणारा माणूस. त्या गठ्ठ्यातले एकही पान मी वाचले नाही.

त्या माणसाने पाच हप्ते भरले. मग तो गाडीसह दिसेनासा झाला. आपला जिल्हा गुजरात आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांच्या सीमेवर आहे, गाडी एका रात्रीत कोठेही जाऊ शकते. काही महिन्यांनी कळले की कर्ज फिटल्याचा बनावट ना-हरकत दाखला तयार करून आरसीवरील बोजा उतरविण्यात आला आणि गाडी तिसऱ्यालाच विकली गेली. वित्तसंस्थेच्या नोटिसा मुलाच्या घरी येत होत्या, त्या त्याने गादीखाली ठेवल्या. शेवटी दावा दाखल झाला.

त्या दाव्याची प्रत मी वाचली तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. वादी वित्तसंस्था. प्रतिवादी क्रमांक एक मुलगा, प्रतिवादी क्रमांक दोन जामीनदार. मजकूर असा, की प्रतिवादींनी संगनमत करून खोटे उत्पन्न दाखविले, गाडी स्वतःच्या धंद्यासाठी घेत असल्याचे खोटे सांगितले, तारण असलेली गाडी परस्पर विकली आणि वादीची फसवणूक केली. सबब व्याजासह रक्कम मिळावी आणि गाडी जप्त करून मिळावी. ज्याने हे सारे घडविले त्या माणसाचे नाव संपूर्ण दाव्यात कोठेही नव्हते, कारण ते एकाही कागदावर नव्हते.

मुलगा माझ्याकडे येऊन रडला. म्हणाला, "अण्णा, फसलो तर मी. मग कागदावर फसवणारा मी कसा?"

बंधू-भगिनींनो, त्या मुलाचा हा प्रश्न हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. वाहनकर्जात गाडी आपल्या ताब्यात राहते, पण ती सावकाराकडे तारण असते. याला नजरगहाण म्हणतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे या बोज्याची नोंद आरसीवर होते. कर्ज फिटल्यावर वित्तसंस्थेच्या सहीने नमुना ३५ भरून तो बोजा उतरवावा लागतो. म्हणजे हप्ते चालू असताना गाडी दुसऱ्याला देऊन टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. स्टँप पेपरवर लिहून दिले, नोटरी केली, तरी वित्तसंस्थेच्या संमतीवाचून आपली जबाबदारी सुटत नाही.

दुसरी गोष्ट जामिनकीची. आपल्याकडे समज असा, की जामीनदार म्हणजे नावापुरता. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहारच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. जामीनदाराने पैसे भरले तर ते कर्जदाराकडून मागण्याचा हक्क त्याला कलम १४५ ने दिला आहे. पण ज्या कर्जदाराकडे काहीच नाही, त्याच्याकडून मागून काय मिळणार?

तिसरी गोष्ट फसवणुकीची. साध्या थकबाकीचा दावा आणि फसवणुकीचा दावा यांत फरक आहे. करार कायद्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. जे खरे नाही हे माहीत असून ते खरे म्हणून सांगणे आणि समोरच्याला करार करावयास लावणे, ही फसवणूक. थकबाकीत माणूस पैसे देऊ शकला नाही एवढेच सिद्ध होते. फसवणुकीत त्याची नियत खोटी होती असे ठरते. शिवाय तीच गोष्ट फौजदारी गुन्हाही होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. पूर्वी ज्याला आपण चारशेवीस म्हणत होतो ते आता तिच्या कलम ३१८ मध्ये आहे.

परंतु सावकाराने नुसते "फसविले" असे लिहून भागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम ४ प्रमाणे कोणी, केव्हा, कोणत्या कागदाने फसविले याचा तपशील दाव्यात द्यावा लागतो आणि तो पुराव्याने शाबीत करावा लागतो. सही माझी नाही असे प्रतिवादीचे म्हणणे असेल तर हस्ताक्षरतज्ज्ञाकडे कागद पाठविण्याची मागणी करता येते. कोऱ्या कागदावर सही घेतली असेल, वित्तसंस्थेच्याच माणसाने खोटे उत्पन्न भरले असेल, तर तेही न्यायालयापुढे मांडता येते. धनकोने स्वतः किंवा त्याच्या संमतीने खोटे सांगून जामिनकी मिळविली असेल तर ती कलम १४२ प्रमाणे रद्दबातल ठरते. कायद्यात हे सर्व आहे. पण हे मांडावयाचे केव्हा? समन्स घेऊन न्यायालयात हजर झाल्यावर. तेथेच आमचे घोडे पेंड खाते.

माझ्या चुलतभावाने समन्स घेतलेच नाही. बेलिफ आला तेव्हा तो मागच्या दाराने निघून गेला, दुसऱ्या वेळी घेण्यास नकार दिला. कागद हातात घेतला नाही तर केस उभी राहात नाही, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. हा आपल्या समाजातील फार मोठा गैरसमज आहे. समन्स नाकारले तर न्यायालय ते बजावले गेले असेच धरते. बेलिफ ते दारावर चिकटवून जातो आणि तारीख चालू होते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत द्यावयाची असते, न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. काही दावे संक्षिप्त पद्धतीने चालतात, त्यात तर दहा दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते. आमचे काका-पुतणे दोघेही गैरहजर राहिले. एकतर्फी हुकूमनामा झाला. पुढे दरखास्त दाखल झाली आणि शाळेत पगारजप्तीची नोटीस आली. मुख्याध्यापकांनी सर्वांच्या देखत ती त्याच्या हातात दिली. तेव्हा तो माझ्याकडे आला.

हुकूमनामा रद्द करण्यासाठी अर्ज केला. "समन्स मिळाले नव्हते" असे लिहा, असा सल्ला देणारेही भेटले. पण बेलिफाचा अहवाल समोर होता. तो अर्ज नामंजूर झाला. अखेर लोकअदालतीत तडजोड झाली. वित्तसंस्थेने व्याजाचा काही भाग सोडला आणि चुलतभावाने भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून भरले. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले ते पैसे होते. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. प्रकरण तेथे संपले. नात्यातील बोलणे मात्र अजून पूर्ववत झालेले नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. फसला तो, मग कागदावर फसवणारा तो कसा? त्याचे कारण एकच. न्यायालय मनातले वाचत नाही, सही वाचते. आणि त्या सहीच्या वर जे लिहिले होते ते खोटे होते. तो भाजीपाल्याचा व्यापारी नव्हता आणि गाडी त्याची नव्हती. हे दोन्ही त्याला माहीत होते. त्याला दुसऱ्याने फसविले हे खरे आहे, आणि त्याने वित्तसंस्थेला खोटे सांगितले हेही खरे आहे. पहिले सत्य दुसऱ्याला पुसत नाही. मित्रांनो, हे कठोर बोलणे आहे. मी ते त्याच्यासाठी बोलत नाही, स्वतःसाठीही बोलतो. मुलगा बेकार आहे हे मलाही माहीत होते. "मुसावादा वेरमणी" हे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. अर्जातील रकान्यात खोटा आकडा भरणे हे त्या शीलाच्या बाहेरचे आहे, अशी आपण सोयीने समजूत करून घेतली आहे काय?

सहीचे महत्त्व आपल्याइतके कोणाला कळावे? आपल्या आज्या-पणज्यांकडे सही नव्हती, अंगठा होता. कागदावर काय लिहिले आहे हे सावकाराला माहीत, अंगठा देणाऱ्याला नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला तेव्हा त्यांनी ठिकठिकाणी कर्जखतेच काढून जाळली. माणसांवर त्यांचा राग होता त्यापेक्षा तो कागदावर अधिक होता. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला आणि नुसत्या खतावर न जाता व्यवहार मुळात कसा झाला ते तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. आपल्या शहादा-तळोद्याकडील आदिवासी बांधवांची जमीन अशीच कर्जात आणि कागदात गेली. १९७२ मध्ये अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते यांनी त्याविरुद्ध चळवळ उभी केली. पुढे आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा महाराष्ट्रात झाला. आणि ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याला आले होते ते न्यायालयाच्या कामासाठी, वकील म्हणून. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला आपण त्या आठवणीसाठी जमतो. तेव्हा आपला हा सर्व मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता आणि जिल्ह्याचे ठिकाण धुळे होते. ज्या माणसाच्या शिक्षणामुळे आपल्या हातात लेखणी आली, तो माणूस दुसऱ्यांचे कागद वाचून त्यांची बाजू मांडण्यासाठी या भागात आला होता. त्याच्या वारसांनी न वाचता सही करावी?

अंगठ्याकडून सहीकडे यावयास आपल्याला दोन-तीन पिढ्या लागल्या. तीच सही आपण महिन्याला पाच हजाराने भाड्याने देऊ लागलो, तर आपण पुन्हा अंगठ्याकडेच गेलो असे मी म्हणेन.

हे फक्त गरिबांच्या आणि खेड्यांच्या बाबतीत घडते असे मात्र कोणी समजू नये. आपल्या गावातील एका पिकअपची गोष्ट मी सांगितली. आता हजारो गाड्यांची ऐका. जेनसोल इंजिनिअरिंग नावाची कंपनी होती. तिने इरेडा आणि पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन या केंद्र सरकारच्या दोन वित्तसंस्थांकडून ९७७.७५ कोटी रुपयांचे कर्ज घेतले. त्यातील ६६३.८९ कोटी रुपये ६,४०० विजेवर चालणाऱ्या गाड्या घेण्यासाठी होते. त्या गाड्या ब्लूस्मार्ट या टॅक्सीसेवेला भाड्याने द्यावयाच्या होत्या. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने १५ एप्रिल २०२५ रोजी अंतरिम आदेश काढला. त्यात म्हटले आहे की प्रत्यक्षात ४,७०४ गाड्याच घेतल्या गेल्या, त्यांची किंमत ५६७.७३ कोटी. कंपनीने स्वतःचा २० टक्के हिस्सा घालावयाचा होता तो धरून २६२.१३ कोटी रुपयांचा हिशेब लागत नाही. गाड्यांसाठी दिलेला पैसा फिरून फिरून प्रवर्तकांकडे आणि गुरुग्राममधील एका आलिशान सदनिकेच्या खरेदीकडे गेला, असे सेबीचे प्रथमदर्शनी मत आहे. आपल्या पुण्याजवळच्या चाकणला या कंपनीचा गाड्यांचा कारखाना होता. राष्ट्रीय शेअर बाजाराचा अधिकारी ९ एप्रिल २०२५ रोजी तेथे गेला तेव्हा त्याला दोन-तीन मजूर दिसले, उत्पादन दिसले नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कर्जाचे हप्ते वेळेवर भरले जात आहेत अशी वित्तसंस्थांची पत्रे कंपनीने पतमानांकन संस्थांना दिली होती. अशी पत्रे आम्ही दिलीच नाहीत, असे दोन्ही वित्तसंस्थांनी सेबीला सांगितले. आमच्या मुलाच्या प्रकरणात बनावट ना-हरकत दाखला होता, येथे बनावट पत्रे असल्याचा आरोप आहे. पद्धत तीच, रक्कम तेवढी वेगळी. पुढे इरेडाने मे २०२५ मध्ये सुमारे ५१० कोटींच्या थकबाकीसाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे दिवाळखोरीचा अर्ज केला, तो जूनमध्ये दाखल करून घेण्यात आला. वसुलीसाठी कर्जवसुली न्यायाधिकरणाकडेही दाद मागितली. आरोप खरे की खोटे हे न्यायसंस्था ठरवील. पण ब्लूस्मार्टची सेवा एप्रिल २०२५ मध्ये बंद पडली आणि दिल्ली-बेंगळुरूकडील हजारो चालकांचे काम एकाएकी गेले, हे तर झालेच. त्या चालकांनी कोणत्याच खोट्या कागदावर सही केली नव्हती. आणि बुडालेला पैसा सरकारी वित्तसंस्थांचा, म्हणजे अंती तुमचा-माझा. वाहनकर्जातील फसवणूक म्हणजे सावकाराला घातलेली टोपी आहे, त्यात आपले काय जाते, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. ज्या भागात कर्जे बुडतात त्या भागातील पुढच्या प्रामाणिक अर्जदाराला कर्ज मिळणे कठीण होते. आमच्या त्या मुलाला नंतर खरोखरच स्वतःची रिक्षा घ्यावयाची होती. त्याची पतनोंद बिघडलेली होती. त्याला कोणीही कर्ज दिले नाही.

आता सावकाराच्याही मर्यादा सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मी एकाच बाजूने बोललो असे होईल. कर्ज थकले म्हणून रस्त्यात गुंड घालून गाडी ओढून नेण्याचा परवाना कोणाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात दांडगाईने वसुली करण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडमधील हजारीबाग येथे ट्रॅक्टर ओढून नेताना एक गर्भवती तरुणी चिरडून मरण पावली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने महिंद्रा फायनान्स या कंपनीला बाहेरच्या एजंटांमार्फत वसुली करण्यास मनाई केली, ती जानेवारी २०२३ मध्ये उठविण्यात आली. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करण्यास बंदी आहे. तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. म्हणजे कर्जदार हा गुलाम नव्हे. त्याला हक्क आहेत. पण ज्याचे कागद खरे आहेत त्यालाच ते ताठ मानेने मागता येतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला घरी जाऊन करण्यासारखी काही कामे सांगतो.

घरात कोणाच्या नावावर कर्ज असेल तर कराराची प्रत आहे काय ते पाहा. नसेल तर मागा, ती देणे वित्तसंस्थेचे कर्तव्य आहे. कोरी जागा असलेल्या कागदावर वडिलांना सही करू देऊ नका. रकान्यात आडवी रेघ मारा आणि मग सही करा. सही केलेल्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे.

आपल्या नावावर आपल्याला माहीत नसलेले कर्ज आहे काय, हे पाहता येते. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. आधारकार्ड आणि पॅनकार्डाच्या प्रती देताना त्यावर कशासाठी दिल्या ते आणि तारीख लिहा. जुनी गाडी घेताना तिच्यावर बोजा आहे काय, हे परिवहन खात्याच्या संगणकीय नोंदीत बघा. बोजा नुकताच उतरविलेला दिसला तर त्या वित्तसंस्थेच्या शाखेत जाऊन खात्री करा. नाहीतर एम.एच. ३९ ची पाटी असलेली गाडी घेऊन तुम्ही खुशीत घरी याल आणि पाठोपाठ न्यायालयाचा माणूस येईल.

समन्स आले तर ते घ्या. त्यावरील न्यायालयाचे नाव, दावा क्रमांक आणि तारीख वहीत उतरवा. त्याच दिवशी कोणालातरी दाखवा. लवादाची नोटीस आली तर तिलाही दाव्याइतकेच महत्त्व द्या, कारण लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणी हुकूमनाम्यासारखीच होते. वकील देण्यास पैसे नाहीत, ही सबब आपल्याला नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावयाचा असतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. माझ्या चुलतभावाला हे मी वेळेवर सांगू शकलो असतो. त्याने विचारले नाही आणि मीही चौकशी केली नाही.

संस्थेला माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या सभागृहात दर रविवारी सकाळी दोन तास कागद वाचून देण्याचे केंद्र चालवावे. ज्याला कोणत्याही कर्जाच्या किंवा जामिनकीच्या कागदावर सही करावयाची आहे, त्याने तो कागद घेऊन यावे. महाविद्यालयातील मुला-मुलींनी तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि मराठीत अर्थ सांगावा. अडले तर वकील मंडळींना विचारावे. खर्च काही नाही. पहिल्या रविवारी मी येईन आणि जोपर्यंत डोळे काम देतात तोपर्यंत येत राहीन. न वाचता केलेल्या त्या एका सहीची भरपाई मला दुसऱ्या कोणत्या मार्गाने करता येईल असे वाटत नाही.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी अनाथपिंडिक या गृहस्थाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. धन असण्याचे सुख, त्याचा उपभोग घेण्याचे सुख, कोणाचे ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष वर्तनाचे सुख. पहिली तिन्ही सुखे चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्यालाही पुरत नाहीत, असे तेथे म्हटले आहे. माझ्या चुलतभावाने पैसे भरले, त्याला तिसरे सुख परत मिळाले. पण तो आजही मला म्हणतो, "अण्णा, कर्ज फिटले, पण फसवणूक करणारा म्हणून आपले नाव त्या फायलीत राहिले." ती फाईल न्यायालयाच्या अभिलेखात बांधून ठेवलेली असेल. तशा किती फायली मी स्वतःच्या हाताने बांधल्या, तेव्हा त्यातील माणूस मला कधी दिसला नाही.

आपल्यापैकी कोणाच्याही नावाने तशी फाईल बांधली जाऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करतो. 

जयभीम.